फार्मसी टेक्निशियनचे सहा महिने : शिकवणी चांगली, पाटी फसवी

गेल्या वर्षी जून ते नोव्हेंबर असे सहा महिने मी नाशिकच्या गंगापूर रोड परिसरातील एका खासगी संस्थेत ‘फार्मसी टेक्निशियन’ या नावाने चालणारा अभ्यासक्रम पूर्ण केला आणि त्यानंतर पाच महिने सिडकोतील एका मेडिकलमध्ये काउंटरवर काम केले. शुल्क २८ हजार रुपये होते आणि ते दोन हप्त्यांत भरायचे होते; पांढरा कोट व छापील टिपणांची वही त्यातच मिळाली. संस्थेचे नाव मी येथे मुद्दाम लिहीत नाही. तिथल्या शिकवण्याबद्दल मला फारशी तक्रार करायची नाही, उलट त्यातील काही भाग मनापासून आवडला. माझा आक्षेप अभ्यासक्रमाच्या नावाला आहे, त्या नावाच्या आडोशाने ज्या गोष्टी सांगायच्या राहिल्या, किंवा ठेवल्या गेल्या, त्यांना आहे. चौकशी करत फिरत असताना अशाच मजकुराची आणखी तीन-चार पत्रके माझ्या हाती आली होती, त्यामुळे एकाच दारावर बोट ठेवणे मला योग्य वाटत नाही.

मी बारावी विज्ञान शाखेतून, जीवशास्त्र घेऊन उत्तीर्ण झालेली आहे. बी.एस्सी. लग्नामुळे अर्धवट राहिले. मुलगी शाळेत जाऊ लागल्यावर सकाळचे चार-पाच तास मोकळे मिळू लागले, आणि इंदिरानगरहून सिटीलिंकच्या बसने जाता येईल असे काहीतरी शिकावे, या विचाराने मी प्रवेश घेतला. आमच्या तुकडीत बावीस जण होते. दिंडोरी, ओझर आणि सिन्नरकडून रोज ये-जा करणारी मुले-मुली त्यांत बरीच होती, आणि निम्म्याहून अधिक जण कला किंवा वाणिज्य शाखेचे होते. ही शेवटची बाब तेव्हा मला किरकोळ वाटली होती.

आधी चांगल्या भागाविषयी लिहिते, कारण तो खरोखरच चांगला होता. मुख्य विषय शिकवणाऱ्या मॅडम शासकीय रुग्णालयाच्या औषध भांडारातील दीर्घ नोकरीनंतर निवृत्त झालेल्या होत्या. त्यांनी पहिले तीन आठवडे एकही औषध शिकवले नाही. फक्त चिठ्ठ्या वाचायला लावल्या. ओडी म्हणजे दिवसातून एकदा, बीडी म्हणजे दोनदा, टीडीएस म्हणजे तीनदा, एचएस म्हणजे झोपताना आणि एसओएस म्हणजे गरज पडली तरच, हे कोणत्याही वहीत सापडेल. पण मेटफॉर्मिन आणि मेट्रोनिडाझोल या दोन्ही गोळ्यांच्या नावांची सुरुवात ‘मेट’नेच होते, त्यातली एक मधुमेहाची आणि दुसरी जंतुसंसर्गाची, आणि घाईतल्या अक्षरात ‘मेट’पुढे नुसती एक रेघ ओढलेली असेल तर अंदाज न बांधता आधी रुग्णाला ‘कशासाठी दाखवले होते?’ असे विचारायचे आणि मग चिठ्ठीवरच्या क्रमांकावर डॉक्टरांना फोन लावायचा, ही सवय त्यांनी आमच्या अंगी अक्षरशः घोटून मुरवली. चिठ्ठी वाचता न येण्यात कमीपणा मानायचा नाही. वाचल्याचे सोंग मात्र त्यांना मुळीच खपत नसे.

सर्वांत उपयोगी पडला तो इन्सुलिनचा धडा. आपल्याकडे बाटलीतून मिळणारे इन्सुलिन बहुतेक वेळा दर मिलिलिटरला ४० युनिटचे असते आणि पेनमध्ये बसणाऱ्या कार्ट्रिजमधील इन्सुलिन १०० युनिटचे असते. सिरिंजही दोन प्रकारच्या मिळतात. ४० युनिटच्या सिरिंजचे टोपण लाल आणि १०० युनिटच्या सिरिंजचे नारिंगी. मॅडमनी रंगीत पाणी भरलेल्या बाटल्या टेबलावर ठेवल्या आणि आम्हाला दोन्ही सिरिंजमध्ये विसाच्या खुणेपर्यंत पाणी ओढायला लावले. मग फळ्यावर हिशेब मांडला. लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये विसाच्या खुणेपर्यंत अर्धा मिलिलिटर द्रव मावतो. त्या जागी १०० युनिटचे इन्सुलिन असेल तर वीसऐवजी पन्नास युनिट अंगात जातील आणि रुग्णाची साखर धोकादायकरीत्या खाली येईल. उलट चूक झाली, म्हणजे ४० युनिटची बाटली आणि नारिंगी टोपणाची सिरिंज अशी जोडी जमली, तर वीसऐवजी आठच युनिट जातील आणि साखर का उतरत नाही याचे कोडे घरच्यांना आठवडाभर पडून राहील. सिडकोत कामाला लागल्यावर दुसऱ्याच आठवड्यात एक वृद्ध गृहस्थ काउंटरवर आले आणि ‘इन्सुलिनची सुई द्या’ एवढेच म्हणाले. माझ्या शेजारच्या मुलाने हाताला लागलेले पाकीट पुढे केले, तेव्हा मी त्याला थांबवून ‘आजोबा, घरी बाटली आहे की पेन?’ असे विचारले. पेन होते, आणि त्याला सिरिंज लागतच नाही, पेनची वेगळी सुई लागते. हा प्रश्न विचारायला मला त्या अभ्यासक्रमाने शिकवले, हे मान्य न करणे कृतघ्नपणाचे होईल.

लहान मुलांच्या कोरड्या सिरपचेही तसेच. आधी बाटली हलवून भुकटी मोकळी करायची, उकळून गार केलेले पाणी निम्मे घालून पुन्हा हलवायची, मग खुणेपर्यंत भरायची आणि फेस बसल्यावर खूण परत पाहायची. अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनेटचे तयार सिरप फ्रिजमध्ये ठेवून सात दिवसांत संपवायचे असते आणि उरलेले पुढच्या तापासाठी जपून ठेवायचे नसते, हे प्रत्येक आईला तोंडी सांगायचे. घरी पाणी गळ्यापर्यंत भरले की औषध पातळ होते आणि मोजून दिलेला चमचा कमी पडतो. या साध्या गोष्टीवर मॅडमनी एक पूर्ण सकाळ घालवली, आणि ती वाया गेली असे मला आजही वाटत नाही.

वर्गाच्या मागच्या खोलीत संस्थेने मेडिकलची प्रतिकृती उभारली होती. रॅक, बिलाचा संगणक, मुदत संपलेल्या स्ट्रिपांचे ढीग आणि एक खराखुरा फ्रिज, ज्याचे तापमान २ ते ८ अंशांच्या आत आहे की नाही याची नोंद सकाळ-संध्याकाळ कोणीतरी करायचीच. ज्या मालाची मुदत आधी संपते तो पुढे, नंतरची मागे. वेष्टनावर ०६/२०२६ छापले असेल तर ते औषध जूनच्या शेवटच्या दिवसापर्यंत चालते. बॅच क्रमांक बिलावर चुकला तर स्टॉकिस्ट, म्हणजे घाऊक विक्रेता, परतीचा माल घेताना अडवतो. हे सगळे तिथे हाताने करून शिकलो. ‘एच-वन’ अनुसूचीची नोंदवहीसुद्धा आम्ही महिनाभर खोट्या चिठ्ठ्यांवरून भरली. २०१३ च्या अधिसूचनेने आलेली आणि १ मार्च २०१४ पासून लागू झालेली ही अनुसूची सेफिक्सिमसारखी प्रतिजैविके, क्षयरोगाची काही औषधे आणि अल्प्राझोलाम, ट्रामाडॉल यांसारख्या सवय लावणाऱ्या गोळ्यांसाठी आहे. डॉक्टरांचे नाव-पत्ता, रुग्णाचे नाव, औषध आणि दिलेले नग यांची नोंद करून ती वही तीन वर्षे जपावी लागते. झोपेच्या गोळ्या चिठ्ठीविना मागणाऱ्या ओळखीच्या गिऱ्हाईकाला नम्रपणे नाही कसे म्हणावे, याची आमच्याकडून नाटकासारखी तालीम करून घेतली होती. एक सिन्नरचा मुलगा गिऱ्हाईकाची भूमिका इतकी हुबेहूब वठवायचा की मॅडमनाही हसू आवरत नसे.

उणिवा होत्या, त्या थोडक्यात सांगते. बिलाच्या सॉफ्टवेअरला चारच दिवस दिले, ते किमान तीन आठवड्यांचे काम आहे. औषधे शरीरात काय करतात हा भाग इतका वरवर उरकला की रक्तदाबाच्या गोळ्यांचे प्रकार मला नंतर घरी बसून वाचावे लागले. शेवटचा महिना प्रत्यक्ष दुकानातील अनुभवाचा म्हणून सांगितला होता. माझ्या वाट्याला आलेल्या दुकानात त्या महिन्यात मी खोकी उतरवली, रॅक पुसले आणि चहा सांगितला. पत्रकावर ‘१०० टक्के नोकरी’ असे छापले होते. प्रत्यक्षात मिळाली ती दुकानांच्या दूरध्वनी क्रमांकांची एक यादी. तरीही एवढ्याच उणिवा असत्या तर मी हा अभ्यासक्रम बिनदिक्कत सुचवला असता.

खरी अडचण सिडकोतील दुकानात मुलाखतीला गेले त्या दिवशी कळली. मालकांनी माझे लॅमिनेट केलेले प्रमाणपत्र शांतपणे पाहिले, बाजूला ठेवले आणि विचारले, ‘हे ठीक आहे ताई, पण नोंदणी क्रमांक?’ माझ्याजवळ तो नव्हता, आणि या प्रमाणपत्रावर तो कधी मिळणारही नव्हता. मग त्यांनीच मला आत बसवून सगळे समजावले. सहा महिने शुल्क घेतलेल्या संस्थेने जे सांगितले नाही ते एका दुकानदाराने पंधरा मिनिटांत, चहा पाजून सांगितले.

फार्मसी कायदा १९४८ चा आहे. त्याच्या कलम ४२ नुसार डॉक्टरांच्या चिठ्ठीवरील औषध तयार करण्याचा, मिसळण्याचा आणि देण्याचा अधिकार नोंदणीकृत फार्मासिस्टलाच आहे. औषध नियम, १९४५ (आधीचे नाव औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम) मधील नियम ६५ सांगतो की किरकोळ दुकानात चिठ्ठीवरचे औषध नोंदणीकृत फार्मासिस्टने स्वतः किंवा त्याच्या प्रत्यक्ष देखरेखीखाली दिले गेले पाहिजे. माझ्यासारख्या मदतनिसाची जागा कायद्यात असेल तर ती या ‘देखरेखीखाली’ एवढ्या शब्दात आहे, आणि फार्मासिस्ट जेवायला गेला तरी ती संपते. ‘फार्मसी टेक्निशियन’ असा नोंदणीकृत वर्ग आपल्या कायद्यात नाही. हे नाव ज्या देशांतून आले तिथे त्याला वजन आहे. ब्रिटनमध्ये २०११ पासून फार्मसी टेक्निशियनला नोंदणी सक्तीची आहे आणि त्याचे शिक्षण, कामाची हद्द व जबाबदारी नियामक संस्था ठरवते; अमेरिकेत राज्याराज्यांचे नियम वेगवेगळे आहेत, तरी प्रमाणित टेक्निशियनसाठी राष्ट्रीय पातळीवरच्या परीक्षा आहेत. आपल्या पत्रकावर ते नाव छापताना त्यामागची व्यवस्था अर्थातच सोबत आलेली नाही. ‘मेडिकल दुकान साहाय्यक प्रशिक्षण’ असे सरळ मराठी नाव दिले असते तर मला हा अभ्यासक्रम २८ हजारांना थोडा महाग, पण प्रामाणिक वाटला असता.

नोंदणी हवी असेल तर आपल्याकडे किमान रस्ता डी. फार्मसीचाच, म्हणजे फार्मसीतील पदविकेचाच आहे, आणि ज्या वाचकांच्या घरी या विषयाची चर्चा चालू असेल त्यांच्यासाठी तो जरा तपशिलाने लिहिते. बारावी विज्ञान, भौतिकशास्त्र व रसायनशास्त्रासोबत जीवशास्त्र किंवा गणित, ही प्रवेशाची अट आहे. पदविका दोन वर्षांची असते. पहिल्या वर्षी औषधनिर्माण, औषधी रसायन, वनौषधी, शरीररचना व शरीरक्रिया आणि सामाजिक फार्मसी. दुसऱ्या वर्षी औषधशास्त्र, उपचारशास्त्र, जीवरसायन, सामुदायिक व रुग्णालयीन फार्मसी आणि कायदा व नीती असे विषय येतात. शेवटी ५०० तासांचे प्रत्यक्ष प्रशिक्षण असते, ते किमान तीन महिन्यांत विभागलेले असावे लागते आणि त्यातील किमान २५० तास प्रत्यक्ष चिठ्ठ्यांवरील औषधे देण्याच्या कामाचेच असावे लागतात. खोकी उतरवण्यात गेलेला माझा महिना आठवला की हा आकडा मला फार समजूतदारपणे लिहिलेला वाटतो. २०२२ च्या नियमांनी पदविकेनंतर एक एक्झिट परीक्षाही आणली आहे. तिच्या तीन प्रश्नपत्रिका असतात आणि प्रत्येकीत स्वतंत्रपणे ५० टक्के गुण मिळवावे लागतात. नाव नोंदवले जाते ते महाराष्ट्र राज्य फार्मसी परिषदेकडे.

नाशिककरांचा एक गैरसमज इथेच दूर करते, कारण तो माझाही होता. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून आपल्याच गावात आहे, म्हसरूळला त्याचे आवार आहे, म्हणून औषधांचे शिक्षणही त्याच्याच अखत्यारीत असेल असे आपण गृहीत धरतो. प्रत्यक्षात डी. फार्मसीची परीक्षा महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळ घेते आणि प्रवेशाची प्रक्रिया तंत्रशिक्षण संचालनालयामार्फत होते. संस्थेच्या स्वागतकक्षात आरोग्य विद्यापीठाच्या इमारतीचे मोठे छायाचित्र लावलेले होते. त्याखाली काहीही लिहिलेले नव्हते, त्यामुळे ते खोटे होते असे मला म्हणता येत नाही. पण ते तिथे का लावले असावे हे समजायला फार विचार करावा लागत नाही.

आता त्या कला-वाणिज्य शाखेच्या निम्म्या तुकडीकडे येते. माझ्यापुढे निदान डी. फार्मसीचे दार उघडे होते. त्यांच्यापुढे तेही नव्हते, कारण बारावी विज्ञान नसेल तर अर्जच करता येत नाही. दिंडोरीकडील माझी एक मैत्रीण बारावी कला शाखेची. वडिलांनी द्राक्षांच्या हंगामातून बाजूला काढलेल्या पैशांतून तिचे शुल्क भरले होते, आणि दोन वर्षे कोणाच्या तरी दुकानात काढून मग गावात स्वतःचे मेडिकल टाकायचे, असे तिने ठरवले होते. प्रवेशाच्या वेळी तिने हे बोलूनही दाखवले होते. तेव्हा समोर बसलेल्या व्यक्तीने मान डोलावली. ती मान डोलावणे मला सगळ्या अभ्यासक्रमातील सर्वांत वाईट गोष्ट वाटते.

आणि गंमत अशी की तिच्यासारख्यांना सांगण्याजोगी एक चांगली बातमी नियमांतच आहे, जी संस्थेने सहा महिन्यांत एकदाही उच्चारली नाही. किरकोळ दुकानाला फार्मासिस्ट लागतो. परंतु घाऊक विक्रीच्या परवान्यासाठी ‘सक्षम व्यक्ती’ म्हणून नोंदणीकृत फार्मासिस्टसोबत दहावी उत्तीर्ण व औषध व्यवहाराचा चार वर्षांचा अनुभव असलेली, किंवा पदवीधर व एक वर्षाचा अनुभव असलेली व्यक्तीही चालते. आपल्या गोळे कॉलनीत घाऊक औषधांचा बाजार भरलेला आहे. तिथे स्टॉकिस्टकडे मालाची चलाने, बॅच, परतीचा माल आणि थंड ठेवायच्या औषधांची शीतसाखळी सांभाळत प्रामाणिकपणे चार वर्षे काढणाऱ्या मुलीसाठी हा खराखुरा, कायद्यात बसणारा मार्ग आहे, आणि या अभ्यासक्रमातील रॅक-फ्रिज-नोंदवहीचे शिक्षण त्या कामाला नेमके उपयोगी पडते. वाणिज्य शाखेच्या मुलांना तर हिशेब आधीच येतो. पत्रकावर मोठ्या अक्षरांत छापायचे ते हे होते. मी मैत्रिणीला हे मालकांकडून कळल्यावर सांगितले. ती आता गोळे कॉलनीतील एका फर्ममध्ये लागली आहे आणि अनुभवाची लेखी नोंद दरवर्षी मागून घे, असे मी तिला बजावून ठेवले आहे.

तेव्हा कोणी विचारले तर माझे मत असे आहे. मेडिकलमध्ये मदतनीस म्हणून लागायचे आहे, किंवा घरच्याच दुकानात फार्मासिस्ट भाऊ वा नवरा आहे आणि त्याच्या हाताखाली नीट काम करायचे आहे, अशांनी असा अभ्यासक्रम अवश्य करावा. मात्र शिकवणारे स्वतः काउंटरवर किंवा रुग्णालयाच्या भांडारात काम केलेले आहेत का, हे आधी वर्गात तासभर बसून पाहावे. मला सिडकोत महिना नऊ हजार रुपये मिळत होते, त्यावरून शुल्क किती महिन्यांत वसूल होते याचा हिशेब ज्याने त्याने करावा. बारावी विज्ञान झालेल्या मुलामुलींनी मात्र यात सहा महिने घालवू नयेत. तेवढ्या काळात डी. फार्मसीचे पहिले वर्ष निम्मे होते. आणि हा पदविका अभ्यासक्रम पत्राद्वारे किंवा घरबसल्या करून देतो असे कोणी सांगितले, तर तिथून सरळ उठून यावे, कारण वर्गातील ७५ टक्के उपस्थिती त्याला बंधनकारक आहे.

मी यंदा डी. फार्मसीला प्रवेश घेतला आहे. अर्ज भरताना बारावीची गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला आणि लग्नानंतर बदललेल्या नावाचे राजपत्र मागितले गेले. सहा महिन्यांचे ते प्रमाणपत्र कोणीही मागितले नाही. त्यानंतर जुन्या संस्थेत मॅडमना पेढे द्यायला गेले, तेव्हा स्वागतकक्षातील व्यक्तीला मी पत्रकावरील नावाबद्दल स्पष्टपणे विचारले. ‘साहाय्यक म्हटले तर मुले येत नाहीत,’ असे उत्तर मिळाले. नव्या तुकडीचे पत्रक तिथेच टेबलावर ठेवलेले होते. नाव तेच होते, शुल्क ३२ हजार झाले होते, आणि इन्सुलिन शिकवणाऱ्या मॅडम पुढच्या तुकडीपासून येणार नाहीत असे त्यांनीच मला जिन्यात सांगितले.